अलोइस अल्झायमर

अलोइस अल्झायमर (१४ जून १८६४ – १९ डिसेंबर १९१५) हे जर्मन मनोविकारतज्ज्ञ आणि मेंदूच्या विकृतिविज्ञानाचे संशोधक होते. स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकाराला त्यांचे नाव दिले गेले आहे. मात्र हे नाव त्यांनी स्वतः दिलेले नव्हते, आणि आपण वर्णन केलेला विकार हा खरोखरच एक स्वतंत्र रोग आहे काय, याविषयी ते स्वतः साशंक होते. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग या रोगावर नव्हे, तर मनोविकारांमागे मेंदूतील कोणते दृश्य बदल असतात, या व्यापक प्रश्नावर खर्च झाला.

पूर्वायुष्य व शिक्षण

अल्झायमर यांचा जन्म बव्हेरियातील मार्क्टब्राइट या गावी एका कॅथलिक कुटुंबात झाला. वडील नोटरी होते. बर्लिन, ट्यूबिंगेन व व्यूर्ट्सबुर्ग येथे वैद्यकाचे शिक्षण घेऊन १८८७ मध्ये त्यांनी पदवी मिळवली. त्यांचा प्रबंध कानातील मळ निर्माण करणाऱ्या ग्रंथींवर होता. विषय किरकोळ वाटला तरी त्यानिमित्ताने ऊतकांचे पातळ काप करणे, ते रंगवणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची चित्रे काढणे यांत त्यांचा हात बसला. व्यूर्ट्सबुर्गमध्ये ऊतकविज्ञानाचे नामवंत अभ्यासक आल्बर्ट केलिकर यांच्या प्रयोगशाळेत काम करण्याची संधीही त्यांना लाभली.

फ्रँकफुर्टचे मनोरुग्णालय

डिसेंबर १८८८ मध्ये ते फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्ण व अपस्माराच्या रुग्णांसाठीच्या नगरपालिकेच्या रुग्णालयात रुजू झाले. संचालक एमिल सिओली यांनी तेथे रुग्णांना बांधून ठेवण्याची पद्धत शक्य तितकी बंद केली होती. त्याऐवजी कोमट पाण्यात दीर्घकाळ स्नान, मोकळी हवा आणि रुग्णांशी संवाद यांवर भर दिला जाई. पुढील वर्षी फ्रान्झ निस्सल तेथे आले. चेतापेशींचे अंतरंग स्पष्ट दाखवणारी अभिरंजन पद्धत निस्सल यांनी शोधली होती, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. दोघांची घनिष्ठ मैत्री जमली. दिवसा रुग्णकक्षात रुग्णांची तपासणी आणि संध्याकाळनंतर सूक्ष्मदर्शक, असा त्यांचा क्रम होता. जिवंतपणी नोंदवलेली लक्षणे व मृत्यूनंतर मेंदूत दिसणारे बदल यांची सांगड घालणे हा या कामाचा गाभा होता, आणि अल्झायमर यांनी तो अखेरपर्यंत सोडला नाही. निस्सल १८९५ मध्ये हायडेलबर्गला गेले.

या काळात अल्झायमर यांनी रोहिणीकाठिण्यामुळे होणाऱ्या मेंदूच्या ऱ्हासाचा आणि उपदंशजन्य सार्वदेहिक पक्षाघाताचा अभ्यास केला. त्या काळच्या मनोरुग्णालयांत या पक्षाघाताचे रुग्ण मोठ्या संख्येने असत. या विकाराच्या ऊतकविकृतीवर त्यांनी १९०४ मध्ये सादर केलेला प्रबंध त्यांच्या हयातीत त्यांच्या कीर्तीचा मुख्य आधार होता.

१८९४ मध्ये त्यांनी सेसिली गाइझनहाइमर या संपन्न विधवेशी विवाह केला. त्यांना तीन मुले झाली. १९०१ मध्ये सेसिली यांचा मृत्यू झाला, आणि मुलांच्या संगोपनासाठी अल्झायमर यांची बहीण येऊन राहिली. पत्नीच्या संपत्तीमुळे त्यांना अर्थार्जनाची चिंता उरली नव्हती. त्यांच्या पुढील संशोधनाचा विचार करताना ही बाब दुर्लक्षून चालत नाही.

आउगुस्टे डी.

२५ नोव्हेंबर १९०१ रोजी आउगुस्टे डी. ही ५१ वर्षांची स्त्री फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात दाखल झाली. तिचा पती रेल्वेत कारकून होता. आधी पतीविषयी निराधार मत्सर, मग झपाट्याने वाढणारे विस्मरण, घरातील वस्तू लपवून ठेवणे, दिशाभ्रम अशी तिची लक्षणे होती. अल्झायमर यांनी अनेक दिवस तिला तेच ते साधे प्रश्न विचारून उत्तरे जशीच्या तशी टिपून ठेवली. दाखवलेली वस्तू ती ओळखे, पण थोड्याच वेळात ती दाखवली होती हेच विसरे. स्वतःचे नाव लिहायला सांगितल्यास ते तिला पूर्ण करता येत नसे. म्हातारचळ म्हणून सोडून द्यावे इतके तिचे वय नव्हते, आणि म्हणूनच हा रुग्ण त्यांच्या मनात राहिला. १९०३ मध्ये ते एमिल क्रेपेलिन यांच्यासोबत म्युनिकला गेले, तरी तिच्या प्रकृतीची विचारपूस करीत राहिले. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचा मृत्यू झाला, तेव्हा सिओली यांनी तिची कागदपत्रे व मेंदू म्युनिकला पाठवला.

म्युनिकची प्रयोगशाळा

म्युनिकच्या मनोविकार चिकित्सालयात क्रेपेलिन यांच्याकडे अल्झायमर यांच्यासाठी पगारी जागा नव्हती, म्हणून सुरुवातीला त्यांनी विनावेतन काम केले. त्यांची प्रयोगशाळा लवकरच अनेक देशांतील तरुण डॉक्टरांचे केंद्र बनली. उगो चेर्लेट्टी, फ्रान्सेस्को बोनफिल्यो व गाएतानो पेरुसिनी हे इटालियन, आफ्रिकी-अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ सॉलोमन कार्टर फुलर, तसेच आल्फोन्स याकोब व फ्रीडरिख लेवी यांनी तेथे अभ्यास केला. यांपैकी शेवटच्या दोघांची नावेही पुढे मेंदूच्या विकृतींना मिळाली.

आउगुस्टेच्या मेंदूचे काप करताना त्यांनी निस्सल यांच्या पद्धतीबरोबरच माक्स बिल्शोव्स्की यांची नवी रजत अभिरंजन पद्धत वापरली. चांदीच्या क्षारामुळे चेतापेशींतील सूक्ष्म तंतू गडद उठून दिसतात. अन्यथा निरोगी भासणाऱ्या पेशीत प्रथम एक-दोन तंतू जाड झालेले दिसले. इतर पेशींत त्यांचे जुडगे झाले होते, तर काही ठिकाणी पेशी नष्ट होऊन केवळ तंतूंचा गुंता शिल्लक होता. बाह्यकातील सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश चेतापेशींत असे बदल होते. याशिवाय बाह्यकात सर्वत्र एका वेगळ्याच द्रव्याचे बारीक साठे विखुरलेले होते. असे साठे वृद्धांच्या मेंदूत इतर संशोधकांनी आधी पाहिले होते. तंतूंच्या गुंत्यांचे वर्णन मात्र नवे होते.

३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हा वृत्तांत मांडला. त्यावर एकही प्रश्न विचारला गेला नाही. १९०७ मध्ये तो अगदी संक्षिप्त स्वरूपात छापला गेला. त्याच वर्षी प्राग येथील ऑस्कर फिशर यांनी वृद्धांच्या मेंदूतील प्लाकचे अनेक रुग्णांच्या आधारे वर्णन केले. त्यांचे हे कार्य दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

नामकरण आणि शंका

१९१० मध्ये क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकाच्या आठव्या आवृत्तीत या विकाराला ‘अल्झायमरचा रोग’ असे नाव दिले. त्या वेळी वर्णन झालेले रुग्ण मोजकेच होते. क्रेपेलिन यांनी इतकी घाई का केली, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. प्रागच्या प्रयोगशाळेशी असलेली स्पर्धा हे एक कारण सांगितले जाते.

अल्झायमर स्वतः अधिक सावध होते. योहान एफ. या ५६ वर्षांच्या मजुराच्या मेंदूत त्यांना प्लाक विपुल आढळले, पण गुंते आढळले नाहीत. १९११ च्या विस्तृत लेखात त्यांनी असे रुग्ण म्हणजे वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाचेच असाधारण प्रकार असावेत, असे मत नोंदवले. त्यांची शंका दुर्लक्षित राहिली. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ हे नाव केवळ कमी वयात होणाऱ्या स्मृतिभ्रंशापुरते वापरले गेले, आणि वृद्धांचे विस्मरण वयाचा परिणाम मानून सोडून दिले गेले. १९७६ मध्ये अमेरिकन चेताविकारतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी दोन्ही एकच विकार असल्याचे ठामपणे मांडले, आणि त्यानंतर दुर्मिळ समजला जाणारा हा रोग सार्वजनिक आरोग्याचा मोठा प्रश्न ठरला.

अखेरची वर्षे

१९१२ मध्ये ब्रेस्लाउ (आताचे पोलंडमधील व्रोत्स्वाफ) येथील विद्यापीठात त्यांची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेथे जाताना आगगाडीतच ते आजारी पडले. त्यानंतर त्यांची प्रकृती पूर्णपणे सुधारली नाही. हृदयविकाराने वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. फ्रँकफुर्ट येथे पत्नीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले. आउगुस्टेच्या मेंदूचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध करणारे पेरुसिनी त्याच वर्षी पहिल्या महायुद्धात मृत्यू पावले.

कागदपत्रांचा शोध

१९९५ मध्ये फ्रँकफुर्ट येथे आउगुस्टेची मूळ रुग्णपत्रिका सापडली. तिच्यात अल्झायमर यांच्या हस्ताक्षरातील नोंदी व तिच्या अपुऱ्या स्वाक्षऱ्या आहेत. काही काळाने म्युनिकमध्ये दोन्ही रुग्णांच्या मेंदूच्या काचपट्ट्याही मिळाल्या, आणि अल्झायमर यांनी वर्णन केलेले बदल त्यांत पुन्हा पाहता आले. २०१३ मध्ये आउगुस्टेच्या ऊतकात आनुवंशिक दोष आढळल्याचे एका संशोधक गटाने जाहीर केले. पुढील वर्षी दुसऱ्या गटाला तो सापडला नाही.