पंडिता रमाबाईंचे उघडे दार

आपल्या मंडळ्यांत फिरताना आम्हास वरचेवर एक तक्रार ऐकू येते. घरकाम, शेत, गुरे, लेकरांची दुखणी ह्यांतून देवाकडे मन लावावयास निवांत वेळ म्हणून मिळत नाही. ही तक्रार खोटी नव्हे. पाळकांचीही तीच आहे, फक्त ते ती बोलून दाखवीत नाहीत. म्हणून आज पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील काही प्रसंग आपणापुढे ठेवतो. निवांतपणा म्हणून त्यांच्या वाट्यास फारसा कधी आलाच नाही.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले आणि त्या माउलीने पुढे लेकीस शिकविले. दिवसभर घरचा व आल्यागेल्याचा रगाडा असे, म्हणून ती पहाटेच्या अंधारात झोपाळू मुलीस जवळ घेऊन पाठ देई. पुस्तक नसे; आईचे तोंड हेच पुस्तक. भागवताचे अठरा हजार श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. गडबडीच्या दिवसातून एक घटका राखून ठेवावयाची, ही विद्या रमाबाईंस श्लोकांबरोबरच मिळाली असावी असे आम्हास वाटते.

पुढची हकिकत बहुतेकांस ठाऊक आहे. दुष्काळात आईबापांचे मरण, भावाबरोबर पायी भटकणे, 1878 साली कलकत्त्यास मिळालेल्या पंडिता व सरस्वती ह्या पदव्या, बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशी विवाह आणि थोडक्याच काळात, 1882 साली, वैधव्य. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा व त्यांची चिमुकली कन्या मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तेथून त्या अमेरिकेस गेल्या. तेथील सज्जनांनी दहा वर्षे साहाय्य करण्याचे वचन दिले आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले.

ह्या सदनाचा एक करार होता. मुलींस कोणत्याही धर्माची शिकवण द्यावयाची नाही. प्रत्येकीने आपापला आचार पाळावा. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखे थोर गृहस्थ सल्लागार होते. रमाबाईंनी करार पाळला. मात्र त्या स्वतः आपल्या खोलीत मनोरमेसह शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत, आणि दार उघडे असे. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. त्यांस कोणी बोलाविले नव्हते, तसे कोणी हाकलूनही दिले नाही. पुण्यात गवगवा झाला. वर्तमानपत्रांनी झोड उठविली. प्रार्थनेच्या वेळी दार लावून घ्यावे एवढीच पुष्कळांची अपेक्षा होती.

एवढीशीच गोष्ट, असे कोणी म्हणेल. त्या जागी आम्ही असतो तर कदाचित कडी लावली असती आणि पुष्कळ मुलींच्या हिताकरिता लावली असे मनाचे समाधानही करून घेतले असते. सल्लागारांचे म्हणणे अगदीच वावगे होते असेही नव्हे. पालकांनी विश्वासाने लेकी पाठविल्या होत्या आणि त्या विश्वासाची त्यांस काळजी होती. पण रमाबाईंनी दार लाविले नाही. ज्याच्यासाठी हे घर उभे केले त्यालाच आपल्या घरात लपवून ठेवणे त्यांच्याच्याने होईना. 1893 साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि पंचवीसच्या आसपास मुली एकदम काढून नेण्यात आल्या. ज्यांच्यासाठी हाडे झिजविली त्यांस डोळ्यांदेखत जाताना पाहणे काय असेल, हे ज्याने शाळा चालविली आहे त्यासच कळेल.

ही स्थिरता त्यांस बाप्तिस्म्याबरोबरच मिळाली होती असे मात्र समजू नये. बाप्तिस्म्यास आठेक वर्षे लोटल्यावर हॅसलम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती आले. हा गृहस्थ कित्येक वर्षे उपदेश करीत होता आणि त्याचे स्वतःचे हृदयपरिवर्तन मागाहून, व्यासपीठावर उभा असताना झाले. (हे वाचून आम्हा पाळकांनी जरा दचकावे हे बरे.) ते वाचून रमाबाईंस उमगले की, आपणास ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त अजून सापडावयाचा आहे. इतकी सेवा चालू असता हे कबूल करावयास धैर्य लागते. त्यांनी ते कबूल केले व स्वतःस त्याच्या स्वाधीन केले. दाराचा प्रसंग ओढवला तो ह्यानंतर.

1896 च्या अखेरीस मध्यप्रांतात दुष्काळ पडला. शारदा सदन उच्चवर्णीय विधवांसाठी होते. जागा नव्हती, पैसा नव्हता. पण आईबापांस दुष्काळात गमावलेली ती बाई गप्प कशी बसणार? त्या तिकडे जाऊन सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची धास्ती. त्यांस शहरात ठेवू देईनात. तेव्हा केडगावच्या शेतावर झोपड्या घालून मुक्तीचा आरंभ झाला. 1900 सालच्या गुजरातेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. धान्य, विहिरी, कापड, रोगराई, ह्या सगळ्याची चिंता एकीच्या शिरी.

अशा गजबजाटात त्यांनी मराठी पवित्र शास्त्राचे नवे भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर त्यांच्या खेडवळ मुलींस जड जाई. रमाबाईंइतके संस्कृत जाणणाऱ्या फार थोड्या. तरी संस्कृत बाजूस सारून दळणकांडण करणारीस कळेल असा शब्द त्या शोधीत बसत. त्याकरिता उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. खिळे जुळविणे, छापणे, ही कामेही मुक्तीतल्या मुलीच करीत. वर्षांवर वर्षे गेली. कानांनी ऐकू येईनासे झाले. ह्या बहिरेपणामुळे त्यांस थोडी शांतता मिळाली असेल, असे आमच्या मनात येऊन जाते.

24 जुलै 1921 रोजी मनोरमा वारली. वाँटेजला आईच्या कडेवर होती ती, पुण्याच्या खोलीत उघड्या दाराशी आईजवळ प्रार्थनेस बसणारी, पुढे मुक्तीचा उजवा हात झालेली एकुलती एक लेक. काम तिच्या हाती सोपवून निश्चिंत व्हावे तर असे झाले. रमाबाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, प्रकृती ढासळली होती. त्या मुद्रिते तपासावयास पुन्हा बसल्या. शेवटला भाग हातावेगळा होईपर्यंत आयुष्य मिळावे अशी त्यांनी प्रार्थना केली होती असे सांगतात.

5 एप्रिल 1922 रोजी त्यांस झोपेतच देवाज्ञा झाली. ते पवित्र शास्त्र 1924 साली केडगावास पूर्ण छापून निघाले.