जाक मारितँ : हक्कांची बाजू घेणारा तत्त्वज्ञ



मानवी हक्क हा शब्द आपण वर्तमानपत्रात नेहमी वाचतो. तो जगमान्य व्हावा म्हणून एक कॅथलिक तत्त्वज्ञ झटला, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

जाक मारितँ यांचा जन्म १८८२ साली पॅरिसमध्ये प्रॉटेस्टंट घरात झाला. सोर्बोन विद्यापीठात त्यांना रायसा भेटली. ती रशियातून आलेली ज्यू मुलगी. विज्ञानापलीकडे सत्यच नाही, या तिथल्या शिकवणीने दोघांचा जीव घुसमटला. जगण्याला अर्थ सापडला नाही तर जीवन संपवायचे, इथपर्यंत त्यांची मजल गेली. तत्त्वज्ञ बर्गसाँ यांच्या व्याख्यानांनी त्यांना सावरले. १९०४ साली त्यांनी विवाह केला आणि लेखक लेआँ ब्लॉय यांच्या सहवासात श्रद्धा लाभून १९०६ साली स्नानसंस्कार घेतला.

संत थॉमस अक्वायनस हे पुढे त्यांचे गुरू झाले. चांगले करावे, वाईट टाळावे, ही जाण देवाने माणसाच्या स्वभावातच ठेवली आहे. हा नैसर्गिक कायदा कोणत्याही सरकारने केलेला नाही, म्हणून कोणतेही सरकार तो रद्द करू शकत नाही. वर्गात हे शिकवणे सोपे आहे. मारितँ यांना मात्र त्याची किंमत मोजावी लागली.

'आक्सियाँ फ्रान्सेझ' ही चळवळ कॅथलिकांना जवळची वाटे, पण ती राष्ट्रालाच देव मानी आणि ज्यूंचा द्वेष करी. मारितँही तिच्या जवळ होते. १९२६ साली पोप अकरावे पायस यांनी तिचा निषेध करताच ते दूर झाले. पुढे स्पेनमधील यादवीला पवित्र युद्ध म्हणण्यास त्यांनी नकार दिला आणि आपल्याच धर्मबांधवांचा रोष ओढवून घेतला.

१९४० साली फ्रान्स हिटलरपुढे पडला. पत्नी ज्यू वंशाची, त्यामुळे अमेरिकेतच राहावे लागले. तेथे १९४२ साली मानवी हक्क व नैसर्गिक कायदा आणि १९४३ साली ख्रिस्ती धर्म व लोकशाही यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. लोकशाहीला शुभवर्तमानातून प्रेरणा मिळाली, असे ते सांगत. मात्र ख्रिस्ती श्रद्धा कोणत्याही एका राज्यपद्धतीला बांधलेली नाही, हेही ते बजावत. हा तोल आजही अनेकांना जमत नाही.

युद्धानंतर युनेस्कोने जगभरच्या विचारवंतांना मानवी हक्कांविषयी विचारले. महात्मा गांधींनी १९४७ साली उत्तर पाठवले, की हक्क कर्तव्यातून येतात, हे मी निरक्षर पण शहाण्या आईकडून शिकलो. या उत्तरांच्या संग्रहाला मारितँ यांची प्रस्तावना आहे. कारणांवर एकमत नसले तरी हक्कांवर एकमत होऊ शकते, हे त्यांचे म्हणणे. १० डिसेंबर १९४८ रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला.

१९६० साली रायसा गेल्या. मारितँ तुलूझ येथे 'येशूचे लहान बंधू' या संघात राहू लागले. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेच्या समारोपाला पोप सहावे पॉल यांनी विचारवंतांसाठीचा संदेश त्यांच्या हाती दिला. १९७३ साली ते वारले. कोल्ब्सहाइम गावी रायसांच्याच कबरीत त्यांना ठेवले आहे.