कायदा शिकलेली बाई

सर्वोच्च न्यायालयाच्या जुन्या निकालसंग्रहांत परुळेकर हे आडनाव पुन्हा पुन्हा भेटते. १९५२ साली शामराव परुळेकर विरुद्ध ठाण्याचे जिल्हा दंडाधिकारी, १९५६ साली पुन्हा तेच दोन पक्ष, आणि १९६४ साली गोदावरी शामराव परुळेकर विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तिन्ही वेळा मूळ प्रश्न एकच होता : खटला न चालवता सरकारने माणसाला किती काळ आणि कोणत्या आधारावर डांबून ठेवावे? तिन्ही वेळा परुळेकर हरले. वकीलमंडळी हे निकाल सालावरून आणि पानावरून ओळखतात. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वारल्यांना मात्र यातली गोदावरी ठाऊक आहे ती गोदूताई म्हणून. या दोघींची गाठ घालून पाहिली, की आपल्या मूलभूत हक्कांचा एक निराळाच इतिहास हाती लागतो.

गोदावरी गोखले यांचा जन्म पुण्यातला, १४ ऑगस्ट १९०७ चा. वडील नामांकित वकील. फर्ग्युसनमध्ये शिक्षण झाले आणि पुढे त्यांनी कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातल्या कायद्याच्या पहिल्या स्त्री-पदवीधरांत त्यांची गणना होते. वडिलांच्या कचेरीत मुलीसाठी खुर्ची तयार होती म्हणायला हरकत नाही. पण मुलगी सत्याग्रहात गेली, तुरुंगात गेली, आणि वडिलांना ते रुचले नाही. घर सोडून त्या मुंबईला आल्या. भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. तिथेच शामराव परुळेकर भेटले. शामराव १९३७ साली डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई कायदेमंडळावर निवडून आलेले. १९३९ मध्ये दोघांनी लग्न केले, कम्युनिस्ट पक्षात प्रवेश केला आणि युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगवासही पत्करला.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, आणि तिथून परुळेकरांची पावले उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीकडे वळली. तिथे त्यांना जे दिसले ते कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नव्हते. जमीनदाराकडे वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून काही रुपये उचललेला वारली त्या कर्जापायी बायकोसह सावकाराच्या दारी राबे. त्याला लग्नगडी म्हणत. व्याज फिटत नसे, मुद्दल तर नाहीच. गंमत अशी, की माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा राबवून घेणे हा गुन्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेतच, ३७४ व्या कलमात, लिहिलेला होता. म्हणजे वेठ पंच्याऐंशी वर्षे गुन्हा होती आणि पंच्याऐंशी वर्षे राजरोस चालू होती. कायदा शिकलेल्या बाईला हे कलम माहीत असणारच. पण नुसत्या कलमाने कोणाची वेठ सुटत नाही, हे त्यांनी ओळखले. फिर्याद द्यायला आधी फिर्यादी उभा राहावा लागतो. जो माणूस सावकारासमोर मान वर करून बघत नाही, तो कोर्टात काय उभा राहणार?

म्हणून त्यांनी कोर्टाची वाट धरली नाही, पाड्यांची धरली. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करायची नाही असे त्यांनी एकमुखाने ठरवले. कोणताही वटहुकूम निघाला नव्हता, कोणत्याही न्यायाधीशाने निकाल दिला नव्हता. तरीही त्या पावसाळ्याच्या तोंडाशी एका मुलखातली पिढीजात वेठ मोडून पडली. ऑक्टोबरात गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. गोदूताईंचा निरोप आला आहे अशी हूल उठवून वारल्यांना तलवाड्याला गोळा करण्यात आले, आणि १० ऑक्टोबरला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगडसह पाचजण गेले. परुळेकर पतिपत्नींच्या वाट्याला जिल्हाबंदी आली. चळवळ मात्र थांबली नाही.

जव्हारचा भाग तेव्हा मुकणे राजांच्या संस्थानात होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि आज पालघर जिल्ह्यात आहे. लाल बावटा हळूहळू या घाटावरही चढला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बँकेने मला जव्हारच्या शाखेत धाडले. मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी कर्जाचे कागद घेऊन आम्ही तिकडे जात असू. एक म्हातारा वारली खातेदार मला चांगला आठवतो. शाई लागलेला अंगठा तो तसाच हवेत धरून ठेवी. कागदावर काय लिहिले आहे ते सगळे वाचून दाखवल्याशिवाय अंगठा टेकत नसे. रक्कम विचारी, व्याज विचारी, फेडायचे कधी ते विचारी. मागे रांग खोळंबे, कारकून वैतागत. तरुणपणी तो डहाणूकडे गवत कापायला जात असे आणि ही शिस्त त्याने तिथे बाईंच्या सभेत उचलली होती. अधिकारी म्हणून माझ्या हातून शेकडो करारनामे गेले. करार म्हणजे काय हे पुरते समजलेले फार थोडे ऋणको भेटले. त्यांत हा निरक्षर माणूस पहिला.

२६ जानेवारी १९५० ला राज्यघटना अंमलात आली आणि तिच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली. झरीच्या माळावर जे ठरले होते, ते पाच वर्षांनी देशाच्या कागदावर आले. पण महिन्याभरातच प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदाही आला. ज्या घटनेने वारल्याची वेठ बेकायदा ठरवली, तिच्याच २२ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन शामरावांना आधी एकदा आणि मग संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. मधल्या काळात, १९५७ मध्ये, ठाण्याच्या मतदारांनी त्यांना लोकसभेवर पाठवले होते. १९६२ च्या चीन युद्धात दोघेही आत गेले. राष्ट्रपतींच्या आदेशाने या कैद्यांचा मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याचा अधिकारच स्थगित झाला होता. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो आदेश मानला. निकाल लिहिला आपल्या साताऱ्याच्या न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. पुढच्या वर्षी गोदावरीबाईंचे अपील गेले. युद्ध महिन्याभरात संपले होते. आणीबाणी मात्र १० जानेवारी १९६८ पर्यंत चालली. ३ ऑगस्ट १९६५ रोजी शामराव आर्थर रोडच्या तुरुंगात वारले. ज्या बाईने हजारोंना हक्क मागायला शिकवले, तिला स्वतःचा हक्क मागायला दारच उघडे नव्हते.

पुढची कथा अधिक विचित्र आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात, तिसऱ्या आणीबाणीत, वेठबिगारी निर्मूलनाचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना जगण्याच्या हक्कासाठीही दाद मागता येत नाही असे ठरवले. एका हाताने बेडी काढली, दुसऱ्याने घातली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हे दार अंशतः उघडले : आता आणीबाणीतही विसावा आणि एकविसावा अनुच्छेद स्थगित करता येत नाहीत. १९७६ चा निकालही २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच रद्दबातल ठरवला. पण त्याच घटनादुरुस्तीतले, विनाचौकशी स्थानबद्धतेची मुदत आवळणारे कलम संसदेने मंजूर करूनही आजतागायत अंमलात आणलेले नाही. एकामागून एक सरकारे बदलली; ती एक अधिसूचना काही निघाली नाही.

गोदावरीबाई ८ ऑक्टोबर १९९६ रोजी गेल्या. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक अनेकांनी वाचले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. 'बंदिवासाची आठ वर्षे' त्या मानाने कमी वाचले गेले. मला ही दोन पुस्तके एकाच ग्रंथाचे दोन खंड वाटतात. पहिला सांगतो, की लोक उठल्याशिवाय कागदावरचा हक्क मुका असतो. दुसरा सांगतो, की लोक उठले, तरी त्यांच्या पुढाऱ्याला उचलून नेणाऱ्या हाताला कागदच अडवू शकतो, आणि म्हणून तो कागद नीट लिहिलेला असावा लागतो. त्यांच्या मृत्यूनंतर अडीच महिन्यांनी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा झाला. संपूर्ण जव्हार आणि संपूर्ण मोखाडा त्याच्या कक्षेत येतात. तिथल्या ग्रामसभेत ठराव सहीसाठी पुढे येतो, तेव्हा तो आधी वाचून दाखवायला सांगणारे कोणी आहे की नाही, यावर त्या कायद्याचे काय होणार ते ठरेल.