रॉकेलला पर्याय म्हणून वर्ध्यात दिवा आणणारे कुमारप्पा कोण होते?

पुण्याचं स्वारगेट. इथून सातारा, कोल्हापूर, सोलापूरकडे एसटी सुटते. बाहेर पीएमपीच्या बस आणि रिक्षांची रांग असते. इंधन आलं नाही तर हा चौक एका दिवसात थंड पडेल. आणि भारत आपल्या गरजेचं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो.

हे तेल कमी पडू लागलं तर गावाने, शहराने काय करायचं? हा प्रश्न आजचा वाटतो. पण महाराष्ट्रातच, वर्ध्यात राहून एका माणसाने तो ८० वर्षांपूर्वी मांडला होता. तो माणूस तेलतज्ज्ञ नव्हता, ऑडिटर होता. नाव जे. सी. कुमारप्पा.

सुटाबुटातला ऑडिटर

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ चा, तंजावरच्या ख्रिश्चन कुटुंबातला. लंडनमध्ये ते हिशेब तपासणीचं शिक्षण घेऊन आले आणि मुंबईत व्यवसाय करू लागले. राहणी पूर्ण साहेबी होती. पुढे ते अमेरिकेला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकताना त्यांनी एक विषय हातात घेतला : सरकारी तिजोरीचे व्यवहार आणि भारताची गरिबी यांचा संबंध काय? आकडे मांडता मांडता त्यांच्या लक्षात आलं की, इंग्रजांच्या राज्यात देशाचा पैसा बाहेर चाललाय.

१९२९ मध्ये ते साबरमतीला गांधीजींना भेटले आणि आयुष्याची दिशाच बदलली. गांधीजींनी त्यांना गुजरातमधल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी करायला सांगितलं. सूट गेला, खादी आली. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तेव्हा त्याची जबाबदारी कुमारप्पांवर आली. संघाचं मुख्यालय होतं वर्ध्याची मगनवाडी.

दिवा लावायचा, पण कशावर?

मगनवाडीत तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाशीपालन अशा अनेक उद्योगांवर प्रयोग चालायचे. त्यातलाच एक होता मगनदीप.

त्या काळात खेड्यातलं घर रात्री रॉकेलच्या चिमणीवर चालायचं. हे रॉकेल मोठ्या प्रमाणात ब्रह्मदेशातून आणि इतर देशांतून यायचं. म्हणजे गावात बाकी सगळं पिकत असलं तरी उजेड विकत आणावा लागायचा. त्याऐवजी गावातल्या तेलबियांचं तेल जाळलं तर? तेल काढणाऱ्याला काम मिळेल, पेंड गुरांना किंवा शेताला जाईल आणि पैसा गावातच राहील.

अडचण एकच होती. वनस्पती तेल रॉकेलपेक्षा घट्ट असतं. ते साध्या कंदिलाच्या वातीतून नीट वर चढत नाही. म्हणून या तेलावर चालेल असा वेगळा दिवा तयार करण्यात आला. तोच मगनदीप.

हा नुसता हट्ट नव्हता, हे १९४२ ने दाखवून दिलं. जपानने ब्रह्मदेश घेतला. माघार घेताना इंग्रजांनी तिथल्या तेलविहिरी स्वतःच उद्ध्वस्त केल्या. भारतात रॉकेलची टंचाई झाली. पेट्रोलवर तर आधीच रेशनिंग होतं, अनेक बस कोळशाच्या गॅसवर चालवाव्या लागल्या.

टाकी आणि झरा

याच युद्धकाळात कुमारप्पा तुरुंगात गेले. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी 'इकॉनॉमी ऑफ परमनन्स' हे पुस्तक लिहिलं. त्याला प्रस्तावना गांधीजींची होती.

त्यांचा मुद्दा सोप्या भाषेत असा. एक टाकी आहे आणि एक जिवंत झऱ्याची विहीर आहे. टाकीतलं पाणी उपसलं की संपतं. विहिरीत उपसलेलं पाणी पुन्हा भरतं, पण झऱ्याच्या वेगाने. कोळसा आणि खनिज तेल म्हणजे टाकी. झाडं, पिकं, जनावरांची ताकद म्हणजे झरा. टाकीवर जगणारे देश कधी ना कधी दुसऱ्याच्या टाकीवर डोळा ठेवतात आणि त्यातून युद्धं होतात, असं कुमारप्पांचं मत होतं.

मग तयारी कशी करायची? त्यांनी साधारण एक लाख लोकवस्तीचा भाग धरून शेतीचा आराखडा मांडला. तिथल्या लोकांना धान्य, डाळी, तेल, गूळ, भाजी आणि कापूस किती लागतो हे मोजायचं आणि त्या प्रमाणात जमीन वाटून पिकं घ्यायची. रोजच्या गरजेच्या वस्तू लांबून आणाव्या लागल्या नाहीत, तर वाहतुकीचं इंधनही कमी लागतं.

मागे का पडले?

स्वातंत्र्यानंतर देशाने मोठे कारखाने आणि मोठी धरणं हा रस्ता धरला. काँग्रेसच्या कृषी सुधारणा समितीचं अध्यक्षपद कुमारप्पांकडे आलं, पण धोरणाची दिशा काही बदलली नाही. मगनदीपही टिकला नाही. रॉकेल स्वस्त होतं, मग वीज आली. बैलाच्या ताकदीवर देशाची भूक आणि वाहतूक भागेल का, हा टीकाकारांचा प्रश्नही खोटा नव्हता. तब्येत ढासळल्यावर कुमारप्पा मदुराईजवळच्या आश्रमात गेले. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्या पुण्यतिथीच्याच दिवशी, त्यांचं निधन झालं.

१३ वर्षांनी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत किंमत जवळपास चौपट झाली. त्याच वर्षी शूमाकर यांचं 'स्मॉल इज ब्युटिफुल' जगभर गाजलं. त्यात कुमारप्पांचा आधार घेतलेला होता.

आज स्वारगेटला सीएनजीच्या बस दिसतात, २०२४ पासून मेट्रोही येते. पुणे-नगर मार्गावर २०२२ मध्ये एसटीची इलेक्ट्रिक 'शिवाई' सुरू झाली. धूर कमी झाला, हे चांगलंच आहे. पण सीएनजीचा गॅसही जमिनीखालचाच आणि त्यातला जवळपास निम्मा आयात. राज्यातली बरीचशी वीज अजून कोळशावर तयार होते. म्हणजे गाडी बदलली, टाकी मात्र बऱ्याच अंशी तीच राहिली. कुमारप्पांच्या हिशेबाने बघायचं तर प्रत्येक नव्या बसबद्दल एक प्रश्न विचारावा लागेल : ही टाकीवर चालते की झऱ्यावर?