प्लेगने हिरावलेला कामगारांचा कैवारी

रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून देणारे नेते म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे. १० जून १८९० हा दिवस त्यांच्या चरित्रात ठळकपणे नोंदला जातो. ९ फेब्रुवारी १८९७ या दिवसाची आठवण मात्र क्वचितच काढली जाते. मुंबईत थैमान घालणाऱ्या प्लेगने त्या दिवशी लोखंडे यांचा बळी घेतला. ज्या गिरणगावासाठी त्यांनी आयुष्य वेचले, तेथील हजारो संसार त्या साथीने रोगाइतकेच उपासमारीनेही मोडले. हे संसार इतक्या सहज का मोडले, याचे उत्तर लोखंडे यांनी बारा वर्षे आधी सरकारपुढे मांडलेल्या मागण्यांत होते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाण्यात एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातील कन्हेरसर. परिस्थितीमुळे उच्च शिक्षण घेता आले नाही. प्रारंभी रेल्वेत, नंतर टपाल खात्यात नोकरी केल्यावर ते मांडवी येथील कापड गिरणीत स्टोअरकीपर म्हणून रुजू झाले. कामगारांचे जिणे त्यांना येथे जवळून पाहायला मिळाले.

गिरण्यांत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. कामाचे तास सूर्यावर ठरत. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा होई. ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. त्याहून जाचक होती ती पगाराची पद्धत. महिना संपला तरी त्या महिन्याचा पगार हाती पडायला कित्येक आठवडे लागत. कामगाराची महिन्या-दीड महिन्याची कमाई कायम मालकाकडे अडकून राही. पूर्वसूचना न देता काम सोडले, तर ती बुडे. दरम्यानच्या काळात घर चाले ते वाण्याच्या उधारीवर आणि सावकाराच्या कर्जावर. कोकणातून, साताऱ्याकडून आलेल्या या माणसांना गावाकडेही पैसे धाडावे लागत. म्हणजे एका पगारावर दोन चुली पेटत आणि तो पगारही वेळेवर मिळत नसे.

महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजात लोखंडे सक्रिय होते. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० मध्ये लोखंडे यांनी मुंबईत आपल्या हाती घेतले. गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यातून नियमितपणे जगासमोर येऊ लागली. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांची संघटना उभी केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगाकडे गेले.

त्या निवेदनात रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि सकाळी साडेसहा ते सूर्यास्त इतकेच काम या मागण्या होत्या. त्यांच्या जोडीला आणखी दोन मागण्या होत्या. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा आणि कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, तर कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय व्हावी. कामगाराच्या घराला आधार कुठे हवा, हे लोखंडे यांनी अचूक ओळखले होते.

२४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली. जून महिन्यात गिरणी मालकांच्या संघाने रविवारच्या सुट्टीस मान्यता दिली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांवर शिक्कामोर्तब केले. पगाराची तारीख आणि दुखापतीच्या काळातील वेतन हे प्रश्न मात्र मागे पडले. याच काळात लोखंडे यांनी विधवांच्या केशवपनाविरुद्ध नाभिकांना संघटित केले. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीनंतर त्यांनी सलोख्यासाठी झटून काम केले. सरकारनेही त्यांचा रावबहादूर किताब देऊन गौरव केला.

चीनमधून १८९४ मध्ये हाँगकाँगला पोहोचलेला गाठीचा प्लेग १८९६ मध्ये मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबर महिन्यात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात त्याचे निदान केले. गोदीलगतच्या धान्याच्या वखारी आणि त्यांतील उंदीर यांनी रोगाला वाट करून दिली. तेथून तो दाट वस्तीच्या चाळींत शिरला.

महापालिकेने ऑक्टोबरमध्ये रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे अधिकार घेतले. घरे धुऊन काढणे, अंथरूण-पांघरूण जाळणे सुरू झाले. ज्याच्या घरात एक पेटी आणि दोन गोधड्या हीच मालमत्ता, त्याला हे नुकसान भरून काढणे सोपे नव्हते. कमावता माणूस रुग्णालयात गेला की पगार थांबे आणि वाणी उधार देईनासा होई. माणूस परत येईल याची तर शाश्वतीच नव्हती. २९ ऑक्टोबर रोजी सुमारे हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोड येथील रुग्णालयावर हल्ला चढवला. त्यामागे अफवा होत्या, तशीच घर उद्ध्वस्त होण्याची धास्तीही होती.

मग पलायन सुरू झाले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या आठ लाख एकवीस हजारांच्या घरात होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत यांपैकी जवळपास निम्मे लोक शहर सोडून गेले. पैसेवाले गेले ते साठवलेल्या पैशाच्या बळावर. कामगाराला निवड करावी लागली. थांबला तर जिवाला धोका आणि निघाला तर गिरणीत अडकलेला पगार गमावणे. गावी जावे, तर १८९६ चा पाऊस दगा देऊन गेलेला. दख्खनमध्ये दुष्काळ पडलेला. आजवर मुंबईच्या मनीऑर्डरवर तगून राहणाऱ्या घरात आता खाणारी तोंडे वाढली आणि मनीऑर्डर थांबली.

अशा काळात लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रुग्णांच्या मदतीला ते धावून गेले आणि अखेर त्यांनाही लागण झाली. साथीचे रोग प्रतिबंधक कायदा ४ फेब्रुवारी १८९७ रोजी अस्तित्वात आला. त्यानंतर पाचच दिवसांनी, पन्नाशीही न गाठता, लोखंडे यांचे निधन झाले. महिनाभराने, १० मार्च रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचाही अंत झाला. सत्यशोधक चळवळीची दोन माणसे एकाच साथीने नेली.

या साथीने एक विलक्षण दृश्यही घडवले. माणसांअभावी गिरण्या अडू लागल्या, तेव्हा मालकांचे हस्तक रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून कामगारांसाठी चढी बोली लावू लागले. टिकून राहिलेले कामगार रोजचा पगार रोज मागू लागले आणि अनेक गिरण्यांना तो द्यावा लागला. वर्षानुवर्षे अशक्य म्हणून सांगितली गेलेली गोष्ट काही आठवड्यांत शक्य झाली. साथ ओसरताच मालकांनी ही पद्धत मोडून काढण्याचा प्रयत्न केला आणि पगार पुन्हा महिन्यावर गेला.

कामावरील दुखापतीच्या भरपाईचा कायदा १९२३ मध्ये झाला. वेतन ठरावीक मुदतीत देण्याचे बंधन १९३६ च्या कायद्याने घातले. १८८४ च्या निवेदनातील मागणी कायद्यात उतरण्यास अर्धे शतक लागले. भारत सरकारने २००५ मध्ये लोखंडे यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. परळच्या श्रमविज्ञान संस्थेलाही त्यांचे नाव आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत हजारो मजूर मुंबई-पुण्यातून पायी गावाकडे निघाले. त्यांपैकी अनेकांची मजुरी ठेकेदाराकडे अडकलेली होती. लोखंडे यांचा रविवार देशाच्या अंगवळणी पडला आहे. त्यांची दुसरी मागणी, म्हणजे केलेल्या कामाचे दाम वेळेवर हाती पडण्याची, असंघटित कामगारांच्या वाट्याला अजून पुरती आलेली नाही. साथ आली की तिची किंमत प्रथम त्यांच्याच घरांना मोजावी लागते.