९ एमएम काडतुसाचे विसरलेले आजोबा: ह्यूगो बोरखार्ट

पोलिसांच्या बातम्यांत दिसणाऱ्या ‘९ एमएम’चं मूळ एका बेढब पिस्तुलात आहे. माग्देबुर्गमध्ये १८४४ साली जन्मलेले ह्यूगो बोरखार्ट तरुणपणी अमेरिकेत गेले, तिथे शार्प्स कंपनीसाठी रायफल घडवली. १८९३ मध्ये बर्लिनच्या लोवे कंपनीसाठी त्यांनी सी-९३ पिस्तूल बनवलं. पिस्तूल अवजड, पण ७.६५ मिमीचं काडतूस भारी: बाटलीसारखी मान, २५ मिमीची पुंगळी.

गेओर्ग लुगर यांनी पिस्तूल सुधारलं, पुंगळी आखूड केली, पुढे मान काढून ९ मिमीची गोळी बसवली. नाव त्यांचंच झालं!

माउझरनं मात्र २५ मिमीची पुंगळी जवळपास तशीच ठेवून जोर वाढवला. सोव्हिएत टोकारेव्हही त्याच घराण्यातलं. म्हणूनच जुनं काडतूस नुसत्या मापावरून ओळखणं धोक्याचं. मापं जुळतात, दाब नाही. बोरखार्ट १९२४ मध्ये बर्लिनमध्ये वारले.