बोअर कुठे मारायची? चार सळयांतून उत्तर शोधणारा कॉनराड श्लंबर्जर

काशीमीरा परिसरात एखाद्या सोसायटीला बोअरवेल हवी असेल, तर पहिला प्रश्न जागेचा. खाली काळा कातळ. पाणी मिळते ते त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांत. जागा चुकली की पैसे पाण्यात, पण पाणी मात्र नाही. न खणता थर ओळखण्याची पद्धत घडवणाऱ्यांत कॉनराड श्लंबर्जर हे मोठे नाव.

कोण होते श्लंबर्जर?

जन्म २ ऑक्टोबर १८७८, अल्सासमधील गेबविलेर येथे. हा प्रांत तेव्हा जर्मनीकडे होता. घरचा व्यवसाय कापडाचा. कॉनराड मात्र भौतिकशास्त्राकडे वळले आणि १९०७ पासून पॅरिसच्या खाणकाम महाविद्यालयात शिकवू लागले. १९१२ मध्ये नॉर्मंडीत कुटुंबाच्या जागेवर त्यांनी जमिनीत वीज सोडली आणि समान व्होल्टेजच्या रेषांचा नकाशा काढला. पुढे महायुद्ध आले, ते तोफखान्यात गेले. १९१९ मध्ये वडील पॉल यांनी संशोधनाला पैसा दिला. कमाईपेक्षा शास्त्र वरचे, ही त्यांची अट होती. धाकटे भाऊ मार्सेल सोबतीला आले.

सळया कशा रोवतात?

एका सरळ रेषेत चार. बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडतात, आतल्या दोनांत व्होल्टेज मोजतात. दोनच सळया वापरल्या, तर सळई आणि माती यांच्या सांध्यातला अडथळाही मापात मिसळतो. म्हणून मोजणाऱ्या सळया वेगळ्या.

अमेरिकेच्या फ्रँक वेनर यांच्या पद्धतीत चारही सळयांत सारखे अंतर असते, त्यामुळे प्रत्येक मापाला चारही हलवाव्या लागतात. श्लंबर्जर मांडणीत आतली जोडी मध्याजवळ राहते. बाहेरची जोडी दूर दूर सरकते. ती जितकी लांब जाते, तितकी वीज खोल उतरते आणि खालच्या थरांचा अंदाज येतो. मधले व्होल्टेज फार क्षीण झाले, तरच आतली जोडी थोडी रुंदावतात.

पुढे काय झाले?

१९२६ मध्ये भावांनी कंपनी स्थापन केली. ५ सप्टेंबर १९२७ रोजी त्यांच्या चमूने अल्सासमधील पेशेलब्रॉन येथे तेलविहिरीच्या आत इलेक्ट्रोड सोडून थर मोजले. तेलउद्योगाला नवे साधन मिळाले. सोव्हिएत संघातून परतताना ९ मे १९३६ रोजी स्टॉकहोममध्ये कॉनराड यांचे निधन झाले.

आपल्याकडे काय लक्षात ठेवायचे?

अखंड कातळ विजेला जास्त अडवतो, पाण्याने भरलेला भेगाळ थर कमी. पण खाडीचे खारे पाणी आणि चिकणमातीही कमी अडवतात. म्हणजे कमी आकडा दिसला की गोडे पाणी सापडलेच, असे नाही. शहरात आणखी एक अडचण: सळया लांब नेण्यासाठी मोकळी सरळ जागा नसते, शिवाय काँक्रीटमधील लोखंड, पाइप आणि केबल मापे बिघडवतात. म्हणून अहवाल हाती आला, की जागेबरोबरच सळया किती अंतरापर्यंत नेल्या, हेही विचारावे. तेवढ्यावरून ते माप किती खोलीपर्यंतचे आहे, ते कळते.